चवळीचा वडा, तांबडं तेल

साल्वादोरला उतरल्यावर पहिल्या संध्याकाळी हॉटेलात जेवू नका. चार-साडेचार वाजले की बाहेर पडा आणि नाक नेईल तिकडे चाला. एखाद्या चौकात किंवा चर्चच्या पायऱ्यांपाशी पांढराशुभ्र घोळदार घागरा घातलेली, डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेली, गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा ल्यालेली बाई मांडणीमागे बसलेली दिसेल. तिच्यापुढच्या कढईतलं तेल तापलेलं असतं आणि त्याचा रंग शेंदराच्या जवळपासचा असतो. तिला म्हणतात बायाना, म्हणजे बाहियाची बाई. ती तळते तो आकाराझे. आपल्या भाषेत चवळीचा वडा.

साल्वादोर ही ब्राझीलच्या बाहिया राज्याची राजधानी. १५४९ मध्ये तोमे दे सोझा याने हे शहर वसवलं आणि १७६३ पर्यंत साऱ्या ब्राझीलची राजधानी इथेच होती. रिओ आणि सांव पाउलोला जाणारे प्रवासी पुष्कळ. पण खाण्यासाठी म्हणून एकच ब्राझिली शहर निवडायचं असेल, तर मी डोळे झाकून साल्वादोर निवडेन. इथलं उत्तम जेवण टेबलाखुर्चीपेक्षा रस्त्यावर, बाजारात आणि वाळूत जास्त मिळतं. आणि दुसरं कारण खास आपलं. इथल्या ताटात जे जे परकं वाटतं, ते नीट पाहिलं की आपल्याच फडताळातून निघाल्यासारखं दिसायला लागतं. अपवाद एका तेलाचा.

आधी तो वडा. चवळी भरडतात, भिजवतात आणि चोळून-धुऊन तिची सालं काढतात. हे काम वेळखाऊ आहे. एक साल राहिलं तरी पिठाचा पांढरेपणा जातो. मग ती वाटायची. पूर्वी दगडावर, आता गिरणीत. त्यात कांदा आणि मीठ, बस्स. नंतर लाकडी डावाने ते पीठ फेटत राहायचं, हलकं होऊन फुगेपर्यंत. सोडा नाही, आंबवणं नाही. त्या वड्याची जाळी फक्त हाताच्या जोरावर उभी असते. मोठ्या चमच्याने घडवून तो तांबड्या तेलात सोडतात. बाहेरून कुरकुरीत, आतून कापसासारखा. आपल्या वड्यात मिरची, आलं, जिरं सगळं पिठातच घातलेलं असतं. इथे पीठ मुद्दाम अळणीकडे झुकलेलं ठेवतात, कारण खरा कारभार नंतरचा आहे. बायाना वडा मधोमध चिरते आणि विचारते, ‘केंची?’ म्हणजे गरम. तुम्ही म्हणाल, समोर कढईतून काढलेला वडा गरम नसेल तर काय असेल? पण प्रश्न मिरचीच्या ठेच्याबद्दल असतो. गरम म्हणजे तिखट, गार म्हणजे बिनतिखट. कोल्हापुरी जिभेने बेधडक ‘केंची’ म्हणावं. मात्र पहिल्या खेपेला ‘थोडंसं’ या अर्थी बोटाची चिमूट दाखवावी.

चिरलेल्या वड्यात मग एकेक गोष्ट भरली जाते. पहिला वातापा. पाव किंवा पीठ, सुकी कोळंबी, शेंगदाणे, काजू, नारळाचं दूध आणि तेच तांबडं तेल हे सगळं शिजवून केलेला घट्ट पिवळा लगदा. दोरिव्हाल काइमी या बाहियाच्या संगीतकाराने या पदार्थावर एक आख्खं गाणं रचलं आहे, आणि ते गाणं म्हणजे चक्क कृती आहे. मराठी माणसाला हे नाव ऐकलं की अगस्ती मुनी आठवल्याशिवाय राहत नाहीत. हा वातापाही तसाच, पोटात जाऊन बसणारा. पोटावरून हात फिरवून पचवून टाकण्याची सिद्धी असेल तरच दुसरा वडा मागवावा. वातापानंतर कारुरु, म्हणजे भेंडी बारीक चिरून शिजवलेली बुळबुळीत भाजी. मग टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, आणि वर सालासकटची सुकी कोळंबी, जवळ्याच्या थोरल्या भावासारखी. एकूण ऐवज हातात मावत नाही. तो कपड्यांवर न सांडता खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहावं. वड्याच्या पिठात मासळी नसते, पण वातापा आणि कारुरु दोन्हींत सुकी कोळंबी वाटलेली असते. नुसतं ‘सें कामारांव’, म्हणजे कोळंबी नको, असं म्हटलं तर बाई वरची कोळंबी वगळेल आणि वातापा भरून देईल. कोशिंबीर आणि ठेचा घालून वडा मागावा. तोही फार छान लागतो, आणि मग तो अगदीच घरचा वाटतो. त्याच पिठाचा, केळीच्या पानात बांधून उकडलेला आबारा दिसेल. पातोळ्यांची आठवण येईल, पण त्याच्या पिठातच बहुधा कोळंबी आणि तेल मिसळलेलं असतं. उलट मांडणीच्या कोपऱ्यात साखर-दालचिनीत घोळलेले लांबट गोळे असतील ते जरूर घ्यावेत. त्यांना बोलिन्यो दे एस्तुदांते, विद्यार्थ्याचा गोळा, म्हणतात. टॅपिओकाचे दाणे आणि ओलं खोबरं भिजवून, वळून तळलेले. टॅपिओकाचे दाणे म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च, म्हणजेच आपला साबुदाणा. कसावा मुळात दक्षिण अमेरिकेचा. एकादशीला आपण जे निष्ठेने खातो, त्याचं माहेर इकडचं. तर हा झाला गोड साबुदाणा वडा. उपासाला चालेल की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता ते तेल. त्याचं नाव देंदे. ते ताडाच्याच कुळातल्या एका पश्चिम आफ्रिकी झाडाच्या फळातून निघतं. हे झाड आपल्याला अगदीच अनोळखी नाही. रेशनच्या दुकानातलं पामतेल याच झाडाचं. पण तिथे पोचेपर्यंत त्याचा रंग, वास, चव सगळं शुद्धीकरणात गेलेलं असतं. देंदे म्हणजे तेच तेल, काहीही न काढलेलं. गार झालं की थिजतं, तापलं की त्याला एक गोडसर वास येतो, आणि कपड्याला लागलं की जन्माचा डाग. न सरावलेल्या पोटाला ते पहिल्या दोन दिवसांत आपली ओळख करून देतं. हे बाहियाचे लोकही हसत हसत सांगतात.

हे तेल आणि हा वडा इथे आला तो गुलामांच्या जहाजांबरोबर. योरुबा भाषेत ‘आकारा’ म्हणजे हा वडा आणि ‘जे’ म्हणजे खाणं. नायजेरियात आजही सकाळी रस्त्यावर आकारा तळतात. साल्वादोरच्या रस्त्यांवर आफ्रिकी बायका ‘आकारा खा’ अशी हाळी देत फिरायच्या आणि त्या हाळीचंच पदार्थाला नाव पडलं, असं सांगतात. या बायकांची गोष्ट वड्याइतकीच ऐकण्यासारखी आहे. मालक आपल्या गुलाम बाईला दिवसभर फेरी करायला पाठवायचा आणि संध्याकाळी ठरलेली रक्कम वसूल करायचा. तिच्यावर जे उरेल ते तिचं. अशी नाणी वर्षानुवर्षं साठवून काही जणींनी स्वतःचं, काहींनी आपल्या मुलांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ च्या मे महिन्यात. त्याआधी कितीतरी घरांची सुटका या टोपल्यांनी केली होती.

आकाराझे हा नैवेद्यही आहे. आफ्रिकेतून आलेल्या श्रद्धांमधून घडलेल्या कांदोंब्ले धर्मात वारा-वादळाची देवता इयांसां हिला तो वाहतात. एके काळी तिच्या व्रतात असलेल्या बायकाच तो विकायच्या. विक्री हा व्रताचाच भाग. म्हणून तो पांढरा पोशाख आणि त्या माळा. आज या धंद्यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत. काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती विक्रेत्यांनी जुन्या देवतेशी नातं नको म्हणून त्याच वड्याला ‘येशूचा वडा’ असं नाव दिलं, आणि त्यावरून शहरात बरीच वादावादी झाली. २००५ मध्ये बायानांच्या व्यवसायाची ब्राझीलच्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशात नोंद झाली. नोंद वड्याची नाही, तो करण्या-विकण्याच्या रीतीची आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

त्या नोंदीला किती वजन आहे ते २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिसलं. साल्वादोरच्या फोंची नोव्हा स्टेडियममध्ये सामने होणार होते, आणि स्टेडियमच्या परिसरात फक्त प्रायोजकांशी करार केलेल्यांनीच खाद्यपदार्थ विकावेत असा फिफाचा नियम. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मॅचला वडे विकणाऱ्या बायका बाहेर. बायानांच्या संघटनेने सह्या गोळा केल्या, पोशाखानिशी मोर्चा काढला, आणि शेवटी स्टेडियममध्ये तळणीच्या कढया लागल्या.

कुणाचा वडा चांगला, हा प्रश्न साल्वादोरमध्ये जपून विचारावा. पुण्यात मिसळीबद्दल विचारल्यावर जे होतं तेच होतं. रिओ व्हेर्मेल्यो या समुद्राकाठच्या वस्तीत सांताना चौकात दिन्याची मांडणी, इतापुआंच्या किनाऱ्याकडे सिराची, आणि तिसरी रेजिनाची. ही तीन नावं हमखास येतात. दिन्या आणि सिरा आता हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांनी कढई चालू ठेवली आहे. माझं मत विचाराल तर रिओ व्हेर्मेल्योला जावं. वड्यासाठी तर खरंच, पण तो चौकही बघण्यासारखा आहे. संध्याकाळी सगळी वस्ती प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून तिथे बसते. एका बाजूला समुद्र, जवळच कोळ्यांचं छोटं घर. २ फेब्रुवारीला समुद्रदेवता येमांजाला फुलं, अत्तर आणि आरसे वाहायला हजारो माणसं इथूनच होड्या सोडतात. नारळी पौर्णिमा पाहिलेल्याला ही गर्दी परकी वाटणार नाही. लेखक जॉर्जे आमादोचं घरही याच वस्तीत, आता संग्रहालय झालेलं. त्याच्या १९६६ च्या ‘दोना फ्लोर आणि तिचे दोन नवरे’ या कादंबरीची नायिका साल्वादोरमध्ये स्वयंपाकाची शाळा चालवते. बाहियाच्या पदार्थांची नावं जगभर पोचली त्यात या बाईचा वाटा मोठा.

सकाळ मात्र सांव जुआकिंच्या बाजारासाठी राखून ठेवावी. उपसागराच्या काठावरचा हा भलामोठा बाजार. १९६४ मध्ये आगुआ दे मेनिनोस नावाचा जुना बाजार आगीत जळाला, तेव्हा विक्रेते इथे येऊन वसले. इथे पर्यटकांसाठी काही सजवलेलं नाही. बोळ ओले, वास उग्र. बाटल्यांतून देंदे, ढिगांनी सुकी कोळंबी, मातीची भांडी, देवकार्याच्या जुड्या, बांधलेली बोकडं. बाजाराच्या आतल्या खानावळींत सकाळपासून पातेली चढलेली असतात आणि त्यांपैकी एकात असतं सारापातेल. हे नाव गोव्यातल्या वाचकाने नक्की ओळखलं असेल. डुकराची काळीज-आतडी बारीक चिरून, रक्त घालून शिजवायचा हा पदार्थ पोर्तुगालच्या आलेंतेझु प्रांतातून निघाला. एक वाट गोव्याला गेली, तिथे त्याचं सोरपोतेल झालं. दुसरी बाहियाला आली. गोव्याने त्याला व्हिनेगर आणि मसाले दिले, आणि ताटात शेजारी सान्नं आणली. बाहियाने त्यावर कसाव्याचं भरड पीठ भुरभुरलं. गोव्याचं अधिक चांगलं, असं मी म्हणेन. पण हे मी त्या बाजारात उभा राहून म्हणणार नाही.

या दोन किनाऱ्यांमधली ये-जा कल्पनेतली नाही. लिस्बन आणि गोवा यांच्यामध्ये फिरणारी पोर्तुगीज जहाजं, विशेषतः परतीची, साल्वादोरच्या बंदरात थांबत. सरकारी मनाई असतानाही थांबत. ब्राझीलचा काजू, अननस, मिरची आणि कसावा आपल्याकडे आले, आपला आंबा, फणस आणि नारळ तिकडे गेले. नारळ हा ब्राझीलचा मूळ रहिवासी नाही हे कळल्यावर धक्का बसतो, कारण बाहियाच्या समुद्रकाठाचं नारळाशिवाय चित्रच डोळ्यांपुढे येत नाही. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात तिथे रुजवला. फणसाला तिथे ‘जाका’ म्हणतात. तो शब्द मल्याळमच्या ‘चक्क’वरून आलेला.

या सगळ्याचा संगम पाहायचा असेल तर दुपारी मोकेका मागवावी. मातीच्या भांड्यात मासे, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर, नारळाचं दूध आणि शेवटी देंदे. भांडं टेबलावर येतं तेव्हाही रटरटत असतं. मालवणी माणूस आधी वास घेतो, मग वाटणाचा माग काढत बसतो. वाटण नसतंच. मसालाही जवळजवळ नाही. आंबटपणा लिंबाचा, बाकी सगळी मदार दुधावर आणि तेलावर. शेजारच्या एस्पिरितो सांतो राज्यात नारळाचं दूध आणि देंदे दोन्ही न घालता मोकेका करतात, आणि तेवढीच खरी मोकेका, बाकीचं नुसतं माशाचं कालवण, असं तिकडचे लोक छातीठोकपणे सांगतात. एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी एक मोकेका दोघांसाठी असते, कधी तिघांना पुरते. एकट्याने मागवली तर वाढपी काळजीने बघतो. सोबत भात, पिठाची फारोफा आणि माशाच्या रश्शात पीठ घोटून केलेलं पिरांव येतं.

मोकेकासाठी मी सोलार दो उन्यांवकडे जायला सांगेन. सतराव्या शतकातलं साखरेचं जुनं आवार तिथे समुद्राला टेकून उभं आहे. १९६० च्या दशकात वास्तुकार लीना बो बार्दी यांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि आता तिथे आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. शेजारच्या वस्तीत, अरुंद पायऱ्यांच्या वाटेवर, दोना सुझाना यांनी आपल्या घरीच खानावळ मांडली. २०२० मध्ये रस्त्यावरच्या खाण्याविषयीच्या नेटफ्लिक्स मालिकेत त्या झळकल्या आणि परदेशी पाहुणे पायऱ्या उतरू लागले. जेवण उशिरा येतं. समोर उपसागर आहे, त्यामुळे हरकत नसते.

वार पाहून जायचं असेल तर शुक्रवार. साल्वादोरमध्ये शुक्रवार हा ओशाला या थोर देवतेचा दिवस. कितीतरी माणसं, कांदोंब्ले न मानणारीही, त्या दिवशी पांढरे कपडे घालतात. आणि शहरभरच्या खानावळींत त्या दिवशी देंदेचं जेवण असतं, मोकेका, वातापा, कारुरु, सगळं एका ताटात. आठवड्याचे बाकीचे दिवस डाळ-भातासारखं घेवडा-भात खाणारं शहर त्या दिवशी तांबडं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस गेलात तर आणखी नशीबवान. २७ तारखेला कोझ्मे आणि दामियांव या जुळ्या संतांच्या नावाने घरोघरी कारुरुचं जेवण घालतात. आधी सात मुलांना जमिनीवर बसवतात. एकाच मोठ्या भांड्यातून ती हातांनी खातात, एकमेकांवर कुरघोडी करत, तोंडं माखून घेत. ती उठल्याशिवाय मोठ्यांना पान नाही. भेंड्या शेकड्यांनी चिराव्या लागतात, म्हणून आदल्या रात्री शेजारणी सुऱ्या घेऊन जमतात.

पेलोरिन्यो, म्हणजे जागतिक वारशाच्या यादीतला तो रंगीत घरांचा जुना भाग, तिथे खाण्यापेक्षा पिणं बरं. जेवणाची दुकानं पुष्कळशी पर्यटकांना धरून चालतात. मात्र तेरेरो दे जेझुस चौकातला ओ क्राविन्यो हा बार चुकवू नये. लाकडी पिंपांत उसाची काशासा दारू लवंग, दालचिनी अशा गोष्टी घालून मुरवलेली असते. लवंगेची ती खरी, बारचं नावही तिच्यावरूनच. छोटा पेला, गोड लागते, आणि गोड लागते म्हणूनच धोक्याची.

बिअर इथे ६०० मिलीलीटरच्या बाटलीतून सगळ्यांच्या मध्ये ठेवायची आणि छोट्या पेल्यांतून वाटून घ्यायची रीत आहे. मोठा मग भरून घेणं म्हणजे बिअर कोमट करणं. बाटलीवर बर्फाचा पांढरा थर हवाच, त्याला ते नवरीचा पडदा म्हणतात. बिअरबरोबर मागवावी लांब्रेता. नाव ऐकून जुन्या पिढीला स्कूटर आठवेल. ही लांब्रेता खारफुटीच्या चिखलातली शिंपली आहे, आपल्या तिसऱ्यांची चुलत बहीण. कांदा-कोथिंबीर घालून वाफवलेली, डझनावर मिळते. शिंपल्या संपल्यावर तळाचं पाणी लिंबू पिळून पितात. ते पिऊन टाकणाऱ्या परक्याकडे बारमालक जरा आदराने बघतो.

बार्राच्या किनाऱ्यावर आडवं व्हावं आणि खाणं आपल्याकडे येऊ द्यावं. हातात पेटत्या कोळशाचा डबा झुलवत पोरगा येतो, काडीला लावलेलं चीज तुमच्यासमोर भाजतो आणि विचारून त्यावर काकवी घालतो. हे केझो कोआल्यो. वितळत नाही, फक्त खरपूस होतं. मागून उकडलेल्या शेंगा येतात, शहाळी येतात, बर्फाच्या कांड्या येतात.

रिबेराचं आईस्क्रीमचं दुकान लांब आहे, शहराच्या खालच्या अंगाला, जमिनीच्या टोकाशी. १९३१ पासूनचं. व्हॅनिला मागणाऱ्याने एवढ्या दूर जाऊ नये. उंबू, काझा, मांगाबा अशा फळांची नावं वाचून बोट ठेवावं. ती फळं ताजी आपल्यापर्यंत कधीच पोचत नाहीत. मग समोरच्या कठड्यावर बसून सूर्यास्त बघावा.

आणि कुठेही बसलात तरी पेय म्हणून एकदा काजूचा रस मागवा, सुको दे काझू. ‘काजू’ हा शब्दच तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आला. ब्राझीलचं हे झाड पोर्तुगीजांनी गोव्यात लावलं. आपण त्याची बी डोक्यावर घेतली आणि बोंडू गोव्यात फेणीच्या भट्टीला, कोकणात बऱ्याचदा झाडाखालीच सोडला. ब्राझीलमध्ये मान बोंडूला. त्याचा रस थंडगार, किंचित घशाला धरणारा, उकाड्यात दुसरा पेला मागायला लावणारा. बाजारात बोंडू लाल-पिवळ्या राशींनी मांडलेले असतात, बी खाली लटकलेली. एखादा उचलून तिथेच चावायचा मोह होतो. तेव्हा कोकणातली आजी लहानपणी ओरडायची ते आठवावं आणि पुढे वाकून खावा. सदऱ्यावर देंदेचा डाग आधीच पडलेला असतो, काजूचा तर त्याहून चिवट.